रंकाळ्याची परताळ्याकडची बाजू तेवढी पक्ष्यांना राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रंकाळ्याबद्दल लिहितेय. कोल्हापुरातल्या पेपरात रंकाळ्याची बातमी नाही असा महिना जात नाही, कधी केंदाळ (जलपर्णी) वाढलं, कधी पाणी हिरवं पडलं, कधी निधी मंजूर झाला, कधी दिवे बंद पडले. आणि निधी म्हटलं की सुशोभीकरण आलंच, म्हणजे दिवे, कारंजं, सेल्फी पॉइंट, फरशा, रंगीत कमानी. यातलं काहीच नको असं माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हे सगळं पुढच्या बाजूला करा, टॉवर, चौपाटी, पद्माराजे उद्यान, पदपथ उद्यान इकडं काय करायचं ते करा, पण परताळ्याकडची, म्हणजे तलावाची मागची बाजू आहे तशी ठेवा. तिथं दिवे नकोत, स्पीकर नकोत, बोटी नकोत, आणि काठाला पाण्यात उभी वाढणारी पाणकणसं साफसफाईच्या नावाखाली उपटू नका. अर्धा रंकाळा माणसांना पुरेसा आहे, उरलेला अर्धा ज्यांचा आहे त्यांच्याकडं राहू दे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते, कारण बाहेरचे लोक अंबाबाईचं दर्शन झालं की संध्याकाळी रंकाळ्यावर येतात, चौपाटीवर भेळ खातात, पाण्याकडं तोंड करून फोटो काढतात आणि जातात, त्यांना रंकाळा म्हणजे तेवढाच वाटतो. साधारण शंभर हेक्टरचा हा तलाव आहे, निवांत चालणाऱ्या माणसाला अख्खी फेरी मारायला तासभर लागतो. मुळात ही दगडाची खाण होती आणि शेकडो वर्षांपूर्वी मोठा भूकंप होऊन तिच्यात पाणी लागलं असं सांगतात. बाजूला इराणी खण आहेच, म्हणजे हा सगळा भाग दगड काढलेलाच. पाण्यात दगडी संध्यामठ आहे, पाणी चढलं की तो बुडतो आणि उन्हाळ्यात उघडा पडतो. काठाला शालिनी पॅलेस आहे, १९३१ ते १९३४ मध्ये बांधलेला, राजकन्या शालिनीराजेंच्या नावाचा. आणि नंदीची गोष्ट तर कोल्हापुरातल्या प्रत्येक पोरानं आजीकडनं ऐकलेली असते, की रंकाळ्याकाठचा हा नंदी रोज गव्हाएवढा पुढं सरकतो आणि तांदळाएवढा मागं येतो आणि ज्या दिवशी तो रंकाळ्यात पोचेल त्या दिवशी जगबुडी. ज्या तलावाशी गावानं जगाचा शेवट जोडलाय तो तलाव गावाला किती जवळचा असेल बघा.

आता मुख्य गोष्ट. रंकाळा हा बारमाही आहे, पक्ष्यांना पण आणि माणसांना पण. आणि दोघांची सोय एकाच पाण्यावर होऊ शकते हे मी इतकी वर्षं रोज फिरायला जाऊन बघतेय म्हणून सांगतेय.

पावसाळ्यात बघा. आषाढात वारा सुटला की पाणी भिंतीवर आदळून पार रस्त्यावर येतं, छत्री उलटी होते, तरी माणसं येतातच, रेनकोट घालून येतात, भाजकं कणीस खात उभी राहतात. त्याच वेळी पलीकडं पाणकणसात जांभळ्या पाणकोंबड्यांची वीण चाललेली असते. निळी-जांभळी कोंबडीएवढी पाखरं, लाल चोच, लाल लांब पाय, चालताना शेपटी उडवत राहतात, शेपटीखालचा पांढरा भाग लांबनं दिसतो. त्यांचं घरटं पाणकणसाच्या आत, पाण्याच्या जरा वर असतं. टिबुकलीचं घरटं तर तरंगतंच असतं, कुजक्या शेवाळाचा नि पानांचा ढीग, आणि ती घरट्यावरनं उठताना अंडी पाल्यानं झाकून जाते, आपण शेजारनं गेलो तरी कळत नाही की इथं अंडी आहेत. पिल्लं झाली की आईबापाच्या पाठीवर बसून फिरतात. कमळपक्ष्यात तर अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं हे सगळं नराकडं असतं, मादी अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडं जाते. हे मी शेजारच्या पोरांना सांगितलं तेव्हा ती आधी हसली आणि मग दुसऱ्या दिवशी स्वतःहून बघायला आली.

माझा मुद्दा काय, की हे सगळं जून ते सप्टेंबरमध्ये होतं, आणि नेमकं पावसाच्या तोंडावर पोकलेन लावून काठ साफ करायची आपल्याकडं घाई असते. पाणकणीस, गवत, केंदाळ सगळं एकाच मापात. एका दिवसात काठ चकाचक, फोटो छान येतो, आणि घरटी करायला जागाच उरत नाही.

हिवाळा म्हणजे तर रंकाळ्याचा खरा सीझन. दिवाळी झाली की पहाटे पाण्यावर धुकं असतं, समोरचा पॅलेस अर्धाच दिसतो, आणि त्या धुक्यातनं वारकऱ्यांचा आवाज येत असतो. वारकरी म्हणजे तो काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, बदकासारखा दिसतो पण बदक नाही, उडायच्या आधी पाण्यावरनं पळत सुटतो. हळदीकुंकू बदक बाराही महिने असतं, चोचीच्या टोकाला पिवळं आणि बुडाला लाल ठिपके, नाव किती चपखल दिलंय. पाहुणे येतात ते ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून. थापट्या येतो, चमच्यासारखी चोच पाण्यात फिरवत गाळून गाळून खाणारा, तलवार बदकं येतात, काठाला तुतारी आणि धोबी हे पक्षी शेपटी हलवत फिरतात, पाणकणसावरनं दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी घिरट्या घालतो. ही बदकं मध्य आशिया, सायबेरिया इकडनं हिमालय ओलांडून येतात आणि मार्चपर्यंत राहून परत जातात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जीवाला काय पाहिजे असतं हो, खायला उथळ पाणी आणि विसाव्याला शांत जागा, बस.

उन्हाळ्यात लोकांना वाटतं काही नसतं. पण पाणी उतरलं की चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि तिथं शेकाट्या येतात, गुलाबी लांबलचक पायांच्या, वंचक बगळे दबा धरून बसलेले असतात, पाणकावळे पंख पसरून उन्हात वाळवत बसतात. कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो, मासा घेऊनच वर येतो. संध्याकाळी उकाड्यानं हैराण झालेलं सगळं गाव रंकाळ्यावर असतं, पोरंबाळं, म्हातारी माणसं, कॉलेजची मुलं, दूध कोल्ड्रिंकवाले, आणि त्याच वेळेला रातबगळे झाडांवरनं उठून पाण्याकडं निघतात. म्हणजे आपली पाळी संपताना त्यांची पाळी सुरू होते.

आणि इथंच दिव्यांचा प्रश्न येतो.

एलईडीचा पांढरा झगझगीत दिवा पाण्यावर मारला की आपल्याला ते छान दिसतं, पण रातबगळ्याला शिकार करायला अंधार लागतो, पाण्याच्या मध्यावर झोपलेल्या बदकांना अंधार लागतो, काजव्यासारख्या किड्यांना तर अंधाराशिवाय जोडीदारच सापडत नाही. दिव्याभोवती किडे घिरट्या घालून मरतात, आणि हेच किडे पाखरांच्या पिल्लांचं खाणं असतं. २०२४ साली नेरूळच्या डीपीएस तलावाजवळ फ्लेमिंगो मेले तेव्हा पाण्याचा मार्ग अडवल्याची चर्चा झाली तशी जवळच्या रस्त्यावरच्या झगझगीत दिव्यांची पण झाली, हे तुमच्या वाचकांच्या लक्षात असेल. तिकडं पक्षी मेल्यावर दिव्यांकडं लक्ष गेलं. आपल्याकडं अजून सगळं हातात आहे.

इथं कुणीतरी लगेच म्हणणार की अंधार ठेवला तर बायकांनी फिरायचं कसं. मी स्वतः बाई आहे आणि पहाटे अंधारात चालायला जाते, त्यामुळं हा प्रश्न मला कुणी शिकवायला नको. रस्त्यावर उजेड पाहिजेच. पण उजेड पायाखाली पाहिजे, पाण्यावर नको. गुडघ्याएवढ्या उंचीचे, खाली तोंड केलेले, पिवळसर रंगाचे दिवे लावले तर चालणाऱ्याला खड्डा, कुत्रं, समोरून येणारा माणूस सगळं नीट दिसतं आणि पाणी अंधारात राहतं. उंच खांबावरचे पांढरे फ्लड लाईट डोळ्यात मारतात, त्याच्या पलीकडचं उलट काहीच दिसत नाही, हे कुठल्याही बाईला विचारा. सुरक्षेसाठी फेरी मारणारा गार्ड आणि माणसांची वर्दळ जास्त कामाची असते, आकाशाकडं तोंड केलेले निळे-जांभळे दिवे नाही.

आता केंदाळाबद्दल, कारण हा विषय सगळ्यात जास्त चुकीचा समजला जातो आणि यावर पैसा पण सगळ्यात जास्त जातो.

केंदाळ म्हणजे जलपर्णी ही आपली नाहीच, ती दक्षिण अमेरिकेतली. तिला सांडपाणी मिळालं की साधारण दोन आठवड्यांत ती दुप्पट होते, पाणी झाकून टाकते, खाली ऊन पोचत नाही, ऑक्सिजन संपतो, मासे मरतात. ती काढलीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण ती का येते हे बघायचं की नाही? शाम सोसायटी, सरनाईक वसाहत, देशमुख हॉल, परताळा या नाल्यांची नावं रंकाळ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहेत, वर्षानुवर्षं पेपरात तीच चार नावं येतात. घराघरातलं मोरीचं पाणी, साबण, डिटर्जंट, संडासचं पाणी, त्यातला फॉस्फरस आणि नायट्रोजन म्हणजे केंदाळाला आणि त्या हिरव्या शेवाळाला आयतं खत. खत चालू ठेवून पीक उपटत बसायचं असं चाललंय. नाले वळवून दुधाळीच्या, रोज १७ दशलक्ष लिटर क्षमतेच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडं न्यायची कामं झाली, त्याचा फरक पडला हे मान्यच केलं पाहिजे, पंधरा वर्षांपूर्वीचा वास आणि तो हिरवा रंग ज्यांनी बघितलाय ते आजचं पाणी बघून बरं झालं म्हणतील. पण जोरात पाऊस आला, पंप बंद पडला, चेंबर तुंबलं की सगळं परत तलावातच. रंकाळा केंद्राच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत होता, म्हणजे हा प्रश्न दिल्लीपर्यंत जाऊन आलाय. तरी शेवटचा नाला शंभर टक्के बंद होत नाही तोपर्यंत कारंज्यावरचा एक रुपया पण मला पटत नाही. घाण पाणी रंगीत दिव्यात उडवून काय मिळणार?

आणि पाणकणीस म्हणजे केंदाळ नव्हे. पाणकणीस काठाला मुळं रोवून उभं राहतं, गाळ धरून ठेवतं, नाल्यातनं आलेलं खत स्वतःच्या अंगात ओढून घेतं, लाटा काठावर आदळण्याआधी मोडतं. म्हणजे लाखो रुपये घालून आपण जे यंत्रानं करायला बघतो त्यातलं बरंचसं ते फुकट करतं. ते पण वाढतं, मोकळं पाणी खातं, हे खरंय, म्हणून ते कापायला लागतं. पण कापायची पद्धत आहे. दरवर्षी एक पट्टा कापायचा, बाकीचा उभा ठेवायचा. कापायचं ते पाहुणे गेल्यावर आणि वीण सुरू व्हायच्या आधी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये. आणि कापलेलं काठावर टाकून ठेवायचं नाही, नाहीतर तेच कुजून परत पाण्यात खत. एवढं वेळापत्रक ठेकेदाराच्या करारात लिहिलं तरी पुष्कळ होईल. आज करारात किती टन काढलं आणि किती ट्रिप झाल्या हे मोजलं जातं, मग तो माणूस समोर दिसेल ते काढणारच, त्याला काय दोष द्यायचा.

पुण्याच्या पाषाण तलावाचं काय झालं ते पुणेकरांना विचारा. एके काळी पक्षी बघायला लांबनं माणसं यायची, मग रामनदीतनं सांडपाणी येत राहिलं, जलपर्णी पसरली, आणि पक्षी कमी झाले ते झालेच. नुसता जॉगिंग ट्रॅक झाला म्हणून बदकं परत येत नाहीत.

म्हशींबद्दल पण लिहिते, कारण दर वेळी पहिला राग त्यांच्यावर निघतो. कोल्हापूरचं दूध कट्ट्यावर उभं राहून प्यायचं सगळ्यांना पाहिजे आणि म्हैस धुवायला कुठं न्यायची हे कुणी सांगत नाही. तलावात जनावरं धुवू नयेत हे बरोबरच आहे, गाड्या धुवू नयेत हे तर त्याहून बरोबर, पण त्यांना बाजूला पाण्याची सोय करून द्या आणि मग बंद करा. चार म्हशींनी जेवढी घाण होते त्याच्या कितीतरी पट एका नाल्यानं होते. फेरीवाल्यांचं तसंच आहे. चौपाटीवरच्या गाड्यांवर कितीतरी घरं चालतात, त्यांना हुसकावून लावलं की तलाव स्वच्छ होतो असं नाही. त्यांना कचऱ्याचे डबे द्या, रोज रात्री उचला, प्लास्टिकचे कप बंद करायला लावा, आणि गाड्या पुढच्या बाजूलाच ठेवा. मागच्या बाजूला एक जरी गाडी लागली की पुढच्या महिन्यात दहा होतात, मग खुर्च्या येतात, मग लाईट येते, मग स्पीकर येतो.

माणसांकडनं चुका होतात त्या वाईट मनानं होत नाहीत हे मला रोज दिसतं. लहान पोराला घेऊन आजोबा येतात आणि माशांना ब्रेड घालतात, कुणी चुरमुरे टाकतं, कुणी फरसाण. त्यांना वाटतं पुण्य लागतं. पण ब्रेडनं पाखरांचं पोट भरतं आणि मिळत काहीच नाही, उरलेलं पाण्यात कुजतं, वर कुत्री गोळा होतात आणि हीच कुत्री मग काठावरची अंडी-पिल्लं खातात. पिशवीतनं निर्माल्य टाकणारे पिशवीसकट टाकतात. संक्रांतीच्या आसपास नायलॉन मांजा झाडांना लटकत राहतो, त्यात रातबगळे अडकतात. या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ सालीच बंदी घातलीय आणि तरी तो मिळतो. फाटकी मासेमारीची जाळी पाण्यात तशीच सोडतात, त्यात पाणकावळा घुसला की बुडूनच मरतो. काठावर एखादा सांगणारा माणूस असेल तर यातलं निम्मं थांबेल. मी सांगते तेव्हा दहातले आठ लोक ऐकतात, राहिलेले दोन भांडतात, ते चालायचंच.

आणि कोल्हापूरकर बदलत नाहीत असं कुणी म्हणू नये. गणपती पंचगंगेतच बुडवायचा म्हणून केवढा वाद व्हायचा, आज मंडळांच्या मोठमोठ्या मूर्ती इराणी खणीत जातात, घरगुती गणपती काहिलीत जातात, निर्माल्य वेगळं गोळा होतं. हे झालं कारण लोकांना दुसरी जागा दिली, सोय केली आणि कारण समजावून सांगितलं. परताळ्याच्या बाजूला पण हेच करता येतं.

म्हणून मी काय मागतेय ते नीट लिहिते, म्हणजे कुणी विकासविरोधी वगैरे म्हणायला नको. परताळ्याकडच्या काठाची एक हद्द ठरवा, नकाशावर आखा, तिथं पाण्यावर उजेड पडेल असा एकही दिवा लावायचा नाही. बोटिंग चालू ठेवायचं असेल तर वल्ह्याच्या आणि पायडलच्या बोटी, त्या पण पुढच्या पाण्यातच, मध्ये बोयांची रांग टाकली की हद्द दिसते, आणि हिवाळ्यात पहाटे आणि संध्याकाळी बोटी बंद. कार्यक्रम, डीजे, फटाके काय असेल ते चौपाटीच्या बाजूला, आणि रात्री दहानंतर आवाज नको हा कायदा तर सगळीकडंच आहे. मागच्या काठाला सिमेंटची भिंत आणि फरशी घालू नका, मातीचा उतार तसाच ठेवा, कारण बगळा, शेकाट्या, तुतारी हे सगळे उथळ उतारावर चालून खातात, उभ्या भिंतीपाशी त्यांना उभं राहायलाच जागा नसते. झाडं लावायची तर वड, उंबर, करंज, जांभूळ, बाभूळ लावा, बाभळीवर तर पाण्याजवळचे बगळे घरटी करतात, शोभेची पाम कुणाच्या कामाची नाहीत. आणि माणसांसाठी तिथं काही करायचंच असेल तर बांबूचं किंवा लाकडाचं एक साधं आडोशाचं छप्पर करा, भिंतीला फटी ठेवा, आत बसून पोरांना पक्षी बघता येतील, बाहेर मराठी नावं आणि चित्रं असलेला फलक लावा. याला कारंज्याच्या खर्चाशेजारी ठेवता येईल एवढासुद्धा खर्च येणार नाही.

मी शाळेत शिकवते, त्यामुळं पोरांचा अनुभव आहे. आमच्या शाळेतल्या पोरांना एकदा दुर्बीण देऊन परताळ्यावर उभं केलं. वर्गात पाच मिनिटं गप्प न बसणारी पोरं, पाणकोंबडी पिल्लांना घेऊन बाहेर आली तेव्हा एकानं पण आवाज केला नाही. नंतर त्यातल्या एका मुलीनं वहीत पानं आखून रोज काय दिसलं ते लिहायला सुरुवात केली, तारीख, वेळ, पाणी किती, कुठला पक्षी. तिचं घर तिथंच जवळ आहे, तिला कुठल्या अभयारण्यात न्यायला कुणाकडं पैसे नाहीत. दाजीपूरला गवे बघायला जायचं तर गाडी करायला लागते, राहायला लागतं. रंकाळ्यावर चालत जाता येतं, तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही, म्हातारीपासून पोरापर्यंत कुणीही जावं. शहराच्या पोटात, बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर इतकं जिवंत पाणी किती गावांना मिळालंय? ज्यांना मिळालं होतं त्यातल्या कितीतरी गावांनी तळी बुजवून त्यावर मैदानं नि बाजार केले, कोल्हापुरातच बुजवलेल्या तळ्यांची नावं आता नुसती पत्त्यात उरलीत.

पर्यटनाचं म्हणाल तर लोक दिवे बघायला कोल्हापूरला येत नाहीत, दिवे त्यांच्या गावात पण आहेत. पण देवीचं दर्शन झाल्यावर पहाटे तासभर रंकाळ्यावर थांबलं तर धुक्यात बदकांचा थवा बघायला मिळतो हे जर नीट सांगितलं गेलं तर माणूस एक रात्र जास्त राहील, नाश्त्याला मिसळ खाईल, चप्पल घेईल. हॉटेलवाल्यांनी पण याचा विचार करावा.

शेवटी एक विनंती तुमच्या पेपरला. ऑक्टोबर संपता संपता पाहुणे पक्षी यायला लागतात. त्याआधी रंकाळ्याच्या पुढच्या कामांचा आराखडा, कुठल्या काठाला काय होणार, दिवे कुठं आणि किती उंचीचे, पाणकणीस कुठलं कापणार आणि कधी, हे सगळं नकाशासकट प्रशासनानं लोकांपुढं ठेवावं म्हणून तुम्ही पाठपुरावा करा, आणि तो नकाशा मिळाला की पहिल्या पानावर छापा. टेंडर निघाल्यावर हरकती घेऊन उपयोग होत नाही, त्याआधी महिनाभर तरी मिळायला पाहिजे. आमच्या सकाळच्या फिरणाऱ्या ग्रुपनं सह्यांची मोहीम सुरू करायचं ठरवलंय, परताळ्याकडं रोज सकाळी सातपर्यंत आम्ही असतो, ज्यांना सही करायची आहे किंवा नुसतं पक्षी बघायचेत त्यांनी यावं, दुर्बीण आमच्याकडं आहे.

कळावे,
रोज रंकाळ्यावर फिरणारी एक शिक्षिका,
शिवाजी पेठ, कोल्हापूर